फेल्टची गव्हाण

(रौप्यमहोत्सवी वर्षातील कार्यक्रमांत डिसेंबरच्या पहिल्या रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये केलेले भाषण. संपादक मंडळाच्या आग्रहावरून लिहून दिले आहे.)



कमिटीने कार्यक्रमपत्रिकेत माझे नाव घातले तेव्हा विषय दिला होता, 'निवृत्तीनंतरचे आर्थिक नियोजन'. बँकेत छत्तीस वर्षे काढलेल्या माणसाला लोक दुसरे काय विचारणार? पण मागच्या आठवड्यात बच्चेकंपनीने माझ्याकडे चक्क लेखी ठराव पाठवला, की आजोबांनी नाताळच्या बाहुल्यांवर बोलावे. ठरावावर अकरा सह्या होत्या, त्यातल्या दोन नुसत्या रेघा. सही जुळली नाही की चेक परत करण्यात माझा जन्म गेला, पण या अकराही सह्या मी मान्य केल्या. तेव्हा व्याजदर पुन्हा कधीतरी.

टेबलावर मांडलेल्या या वस्तू पाहा. हातात घ्या, दाबा, पडल्या तरी काही होत नाही. मरीया, योसेफ, बाळ, गव्हाण, मेंढपाळ, मेंढ्या, देवदूत, उंट, आणि त्या पलीकडे दोरीवर लटकवलेल्या लहान लहान आकृत्या. सगळ्या फेल्टच्या आहेत. तीन-चार सोडल्या तर सगळ्या आमच्या सौ.च्या हातच्या. तुम्ही सगळे तिला टीचर म्हणत होता, मीही आज टीचरच म्हणतो.

आधी फेल्ट म्हणजे काय ते सांगतो. कापड विणलेले असते, आडवा दोरा आणि उभा दोरा. फेल्टमध्ये दोराच नाही. लोकरीच्या तंतूवर अगदी बारीक खवले असतात. लोकर गरम पाण्याने आणि साबणाने भिजवून चोळली, दाबली, की हे खवले एकमेकांत अडकतात आणि थर घट्ट बसतो. तो पुन्हा सुटत नाही. म्हणूनच लोकरी स्वेटर गरम पाण्यात धुतला की आटून लहान मुलाच्या मापाचा होतो. ज्या घरात हे घडले असेल त्या घरात फेल्ट कसे बनते हे वेगळे शिकवायला नको! बाजारात मिळतात ते रंगीत चौकोनी तुकडे बहुतेक पॉलिस्टरचे. त्यात काटेरी सुया मारमारून तंतू गुंतवलेले असतात. स्वस्त पडतात, रंग भरपूर, आणि मुख्य म्हणजे कापलेल्या कडेतून दोरे निघत नाहीत. कड दुमडायला नको, शिवायला नको. म्हणून लहान मुलांच्या आणि म्हाताऱ्यांच्या हाताला हे सोयीचे.

हे काही साहेबाच्या देशातून आलेले नवल नाही, बरं का. काश्मीरचा नमदा म्हणजे हेच. आपल्याकडे जुन्या लोकांना बुरणूस हा शब्द आठवत असेल. लोकर पिंजून, पसरून, भिजवून, तुडवून केलेले जाड पांघरूण. घोंगडी विणतात, बुरणूस विणत नाहीत. आता घोंगडी विकत मिळते तरी, बुरणूस शोधूनही सापडत नाही.

मी साक्री शाखेत होतो तेव्हा ठेलारी समाजाचे मेंढपाळ बँकेत येत. उंच, काटक माणसे, डोक्याला लाल पागोटे, खांद्यावर काळी घोंगडी. काउंटरवर आले की त्यांच्याबरोबर मेंढरांचा वास आत येई आणि आमचा कॅशियर नाक मुरडी. मला त्या वासाचे काही वाटत नसे. दिवाळीनंतर पिके निघाली की त्यांचे वाडे शेताशेतांतून उतरत. शेतकरी आपणहून बोलावतो, कारण रात्री मेंढ्या बसवल्या की रान खतावते. त्याचे धान्य किंवा पैसे मिळतात. रात्रभर लांडग्याच्या भीतीने एक जण जागा राहतो. थंडीत, उघड्यावर, शेकोटीशी. एकदा पीकपाहणीहून जीपने परतताना रात्र झाली आणि साक्रीच्या अलीकडे असा एक वाडा दिसला. बायका, पोरे, कोंबड्या, घोड्यावर लादलेला संसार, मधे मेंढ्यांचा काळा गोळा. डिसेंबर होता. लूकच्या शुभवर्तमानात लहानपणापासून वाचलेले मेंढपाळ मला त्या रात्री पहिल्यांदा खरोखर दिसले. रानात राहून रात्री कळप राखणारे लोक म्हणजे कसे लोक, हे आम्हाला रविवारच्या शाळेत भिंतीवरच्या चित्रांतून शिकवले होते. त्या चित्रातले मेंढपाळ गोरे होते आणि त्यांचे अंगरखे इस्त्री केलेले असत.

घरी आल्यावर मी हे टीचरला सांगितले. ती काही बोलली नाही. पण पुढे कितीतरी वर्षांनी तिने मेंढपाळ शिवला तेव्हा त्याला लाल पागोटे घातले आणि खांद्यावर खऱ्या घोंगडीचा तुकडा टाकला. हा पाहा. आणि त्याच्या पाठीमागे खजुराचे झाड नाही, केळ आहे. मी म्हटले, बेथलेहेमात केळी कुठून? ती म्हणाली, "जळगावातून."

आमच्याकडे आधी प्लास्टरचा संच होता, वडिलांकडून आलेला. मी धुळ्याचा, वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते. त्या संचाने सात बदल्या पाहिल्या आणि प्रत्येक ट्रकमध्ये कोणाचे तरी काही मोडले. शेवटी एका राजाला मान नव्हती आणि गाढवाला तीन पाय होते. पंचवीस वर्षांपूर्वी आपण सगळे इथे राहायला आलो, तेव्हा इमारतीला लिफ्ट सुरू झाली नव्हती आणि पाणी एक दिवसाआड होते, आठवतं ना? त्या पहिल्याच डिसेंबरात शेजारची दोन लहान मुले आमच्या घरी आली. त्यांनी मेंढी उचलली, ती पडली आणि फुटली. पोरगी रडायला लागली, तिची आई ओशाळली. टीचरने तिला पोटाशी धरले आणि म्हणाली, पुढच्या वर्षी न फुटणारी करू. त्या आठवड्यात ती फुले मार्केटमध्ये जाऊन फेल्टचे तुकडे घेऊन आली.

आता कृती. भगिनींना यातले पुष्कळ माहीत आहे, तरी पोरांसाठी सांगतो.

आकृती आधी पुठ्ठ्यावर काढायची. लग्नपत्रिकांचा पुठ्ठा सर्वांत चांगला, आणि आपल्या सोसायटीत त्याला तोटा नाही. पुठ्ठा फेल्टवर ठेवून कडेने साबणाच्या चिपटीने रेघ मारायची. बॉलपेन नको, शाई कधी निघत नाही. पुढचा आणि मागचा असे दोन तुकडे कापायचे. कात्री धारदार हवी आणि ती फक्त कापडाचीच हवी. आमच्या घरी त्या कात्रीने दुधाची पिशवी कापणे हा दंडनीय अपराध होता. डोळे, दाढी, वस्त्राची किनार, जे काही भरतकाम असेल ते सगळे दोन तुकडे जोडण्याच्या आधी करून घ्यायचे, म्हणजे गाठी आत लपतात. भरतकामाचा दोरा सहापदरी असतो, त्यातले दोनच पदर घ्यायचे. कडेला काज टाका. हा टाका एकसारखा आला की बाहुली शहाणी दिसते. दोन टाक्यांत तांदळाच्या दाण्याएवढे अंतर, असे तिचे माप. शेवटी दोन बोटे जाईल एवढे तोंड उघडे ठेवून त्यातून कापूस भरायचा, पेन्सिलीच्या बोथट टोकाने कानाकोपऱ्यात ढकलायचा, मग तोंड शिवून टाकायचे. फेव्हिकॉल लावू नका. लावलेली जागा कडक होते आणि वर्षभरात पिवळी पडते.

कापसाचेही एक शास्त्र आहे. दुकानात मिळणारे पांढरे फायबर फुगते छान, पण खानदेशात राहून बाळ येशूच्या पोटात पॉलिस्टर भरायचे हे टीचरला पटेना. आपल्या भागातल्या जिनिंगमधून सरकी काढलेला कापूस मिळतो. तो आधी चांगला उन्हात तापवायचा, नाहीतर दमट राहून गोळे होतात. पहिल्या वर्षी कापूस कमी पडला. तेव्हा समोरच्या ब्लॉकमधल्या आजी, त्या आता नाहीत, रोज दुपारी देवासाठी वाती वळत बसायच्या. त्यांनी आपल्या डब्यातला मूठभर पिंजलेला कापूस आणून दिला. त्या निमगुळकडच्या, बोलणे सगळे अहिराणी. "हाई काय शे?" म्हणून त्यांनी प्रत्येक आकृती हातात घेऊन विचारली, आणि मेंढी पाहून म्हणाल्या, "हाई खरीच दिखस." तर या बाळाच्या आत जो कापूस आहे तो वातींचा आहे. एका दूरच्या पाहुण्याने मला एकदा बाजूला घेऊन विचारले होते, की हे चालते का तुमच्यात? मी त्यांना म्हणालो, साहेब, कापसाला आम्ही बाप्तिस्मा देत नाही.

मेंढ्यांची लोकर मात्र खरी आहे. दख्खनी मेंढीची लोकर काळी आणि राठ असते. त्यामुळे आमच्या अकरा मेंढ्यांतल्या नऊ काळ्या आहेत. कोणी विचारते, येशूच्या गोष्टीत काळ्या मेंढ्या कशा? मी विचारतो, तुम्ही धुळे जिल्ह्यात पांढरा कळप किती वेळा पाहिला?

रंगांबद्दल एक सांगायचे राहिले. मरीयेला निळे वस्त्र देण्याची पद्धत युरोपातल्या चित्रकारांची. तो निळा रंग अफगाणिस्तानातल्या एका दगडापासून काढत आणि सोन्याच्या तोडीचा महाग असे. मानाच्या व्यक्तीला मानाचा रंग, एवढाच त्यातला अर्थ. टीचरने मरीयेला हिरवी साडी नेसवली. डोहाळजेवणाला आपण हिरवीच नेसवतो ना. आणि चेहऱ्याचा रंग? दुकानात 'स्किन कलर' म्हणून जो तुकडा मिळतो तो गुलाबी असतो. तिने तो घेतला नाही. गव्हाळ तपकिरी तुकडा घेतला. येशू पश्चिम आशियातल्या उन्हातला, सुताराच्या घरचा मुलगा. तो आपल्याइतका सावळा असणार, यात मला तरी शंका नाही.

बाळाला गुंडाळलेले हे बाळंते तेवढे फेल्टचे नाही. ते तिच्या आईच्या जुन्या नऊवारी लुगड्याचे आहे. आपल्याकडे पहिले काही दिवस बाळाला नवे कापड घालत नाहीत, जुने, धुऊन धुऊन मऊ झालेले घालतात. लूकने बाळंत्याचा उल्लेख दोनदा केला आहे. एवढ्या मोठ्या घटनेच्या वर्णनात देवदूताने मेंढपाळांना खूण कोणती दिली, तर बाळंते आणि गव्हाण. मुकुट नाही, तेज नाही. बँकेत आम्ही ओळख पटवायला कागद मागायचो. इथे ओळखीचा पुरावा म्हणजे एक फडके आणि जनावरांच्या चाऱ्याची जागा.

मी हिशेबी माणूस, त्यामुळे मूळ दस्तऐवज तपासायची सवय. आपल्या मनातले नाताळचे चित्र आणि पवित्र शास्त्रातला मजकूर ताडून पाहिला तर बऱ्याच नोंदी जुळत नाहीत. राजे तीन होते असे कुठेही लिहिलेले नाही. मत्तय त्यांना राजेही म्हणत नाही, मागी म्हणतो, म्हणजे ज्योतिषी, विद्वान. सोने, ऊद आणि गंधरस या भेटी तीन, म्हणून माणसे तीन, असा हिशेब नंतरच्या लोकांनी केला. ते गोठ्यात आले असेही नाही. मत्तय म्हणतो ते घरात गेले. उंट त्यात नाही. बैल आणि गाढव जन्माच्या प्रसंगात नाहीत, ते यशयाच्या पुस्तकाच्या सुरुवातीच्या एका वचनावरून लोकांनी आणून बांधले. इटलीत ग्रेचो नावाच्या गावी 1223 साली संत फ्रान्सिसने खरा बैल, खरे गाढव आणि गवताने भरलेली गव्हाण मांडून नाताळ केला. तेव्हापासून ही मांडणी घरोघर पसरली.

आणि सर्वांत मोठी गंमत म्हणजे, तो निष्ठुर खानावळवाला, जो दर नाटकात 'जागा नाही' म्हणून दार लावतो, तो शास्त्रात नाहीच. मराठीत उतारशाळा असा शब्द आहे. पण लूकने मूळ ग्रीकमध्ये जो शब्द वापरला आहे, तोच त्याने पुढे शेवटच्या भोजनाच्या खोलीसाठीही वापरला आहे. म्हणजे पाहुण्यांची खोली. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात खरी धर्मशाळा येते तिथे त्याचा शब्द वेगळा आहे. त्यामुळे काही अभ्यासक असे मानतात की योसेफ आपल्या नातेवाइकांच्याच घरी उतरला असावा. नावनोंदणीसाठी आलेल्या माणसांनी वरची खोली भरलेली, म्हणून बाळंतिणीला खाली, जिथे रात्री जनावरे बांधतात तिथे जागा केली. हे आपल्याला लगेच समजते. आपली जुनी धाब्याची घरे आठवा. पुढे ओसरी, एका अंगाला गोठा, गव्हाण घराच्याच भिंतीला टेकलेली. लग्नघरात पाहुणे वाढले की पुरुषमाणसे कुठे झोपतात? टीचरने म्हणून आपला देखावा पाश्चात्त्य पद्धतीच्या लाकडी छपराचा न करता धाब्याच्या घराचा केला. भिंतीचे फेल्ट मातीच्या रंगाचे, दाराला तोरण.

मात्र खानावळवाला शास्त्रात नसला तरी आयुष्यात भेटतो. नोकरीच्या मधल्या काळात एका गावी माझी बदली झाली. गावाचे नाव सांगत नाही. घर पाहायला दोघे गेलो. घर आवडले, भाडे ठरले, मालकाने चहा दिला. मग नाव विचारले. आमची नावे तुमच्यासारखीच आहेत, मराठी माणसाची असतात तशी, पण बोलता बोलता चर्चचा विषय निघाला. चहाचा कप खाली ठेवायच्या आत मालकांना आठवले की त्यांचा पुतण्या येणार आहे राहायला. त्या गावात असे चार पुतणे निघाले. दीड महिना मी लॉजवर आणि ती लेकरांना घेऊन माहेरी. मला राग आला होता, अजूनही थोडा आहे. टीचर म्हणाली, निदान आपल्याला चहा तरी मिळाला.

या सोसायटीत नोंदणी करताना मी फॉर्ममध्ये सगळे स्वच्छ लिहिले आणि प्रमोटर मंडळींसमोर तोंडानेही सांगितले, म्हणजे नंतर कोणाचा पुतण्या यायला नको. तेव्हाचे आपले पहिले सेक्रेटरी फॉर्मवरून नजर न काढता म्हणाले, "ते ठीक आहे, पण तुम्ही बँकेतले ना? मग खजिनदार व्हाल का?" सहा वर्षे ते काम केले. पहिल्या डिसेंबरात गच्चीवर तारा लावू का असे विचारायला गेलो तेव्हा ते म्हणाले, वायर लांब लागेल, माझ्याकडे दिवाळीच्या आकाशकंदिलाची आहे, ती घ्या. तीच वायर अजून आहे. मला आपल्या सोसायटीबद्दल जे काही सांगायचे ते या वायरीत आले. गौरवपर भाषणे पुढच्या वक्त्यांनी करावीत.

आता दोरीवरच्या लहान आकृत्या. याला आम्ही इशायचे झाड म्हणतो. इशाय म्हणजे दावीद राजाचा बाप. तोडलेल्या बुंध्याला पुन्हा कोंब फुटेल असे यशया संदेष्ट्याने म्हटले, त्यावरून ही कल्पना. नाताळच्या आधीच्या चार रविवारांच्या काळाला आम्ही आगमनकाळ म्हणतो. त्या काळात रोज एक आकृती फांदीवर टांगायची आणि तिची गोष्ट सांगायची. नोहाचे तारू, याकोबाची शिडी, योसेफाचा रंगीबेरंगी झगा, दाविदाची वीणा. पोरांना सर्वांत आवडतो तो योनाचा मासा, कारण त्याच्या तोंडाला चेन लावली आहे आणि योना आत-बाहेर करता येतो. पण टीचरचा जीव दुसऱ्याच चार आकृत्यांत होता. मत्तयाने येशूची वंशावळ दिली आहे, बापाचा बाप, त्याचा बाप, अशी लांबलचक. वाचताना सातबाराचे फेरफार वाचल्यासारखे वाटते. त्या पुरुषांच्या यादीत मरीयेच्या आधी चारच बाया येतात. सासरच्यांनी वाऱ्यावर सोडलेली विधवा तामार. यरीहोच्या तटावरची वेश्या राहाब. परमुलखातून सासूबरोबर आलेली आणि दुसऱ्यांच्या शेतात सरवा वेचून जगलेली रूथ. आणि उरीयाची बायको, जिच्या नवऱ्याला राजाने मारवले. एकीचीही कहाणी सभेत मिरवण्यासारखी नाही. टीचर म्हणायची, लिहिणाऱ्याला ही नावे गाळता आली असती, त्याने गाळली नाहीत. तिने राहाबेसाठी खिडकी केली आणि तिच्यातून लाल दोरी सोडली, रूथसाठी ज्वारीचे कणीस. खरे तर जव हवे, पण कणीस म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ज्वारीच येते.

जाता जाता एक गोष्ट जळगावकरांनी लक्षात ठेवावी. मराठी ख्रिस्ती माणसाचे नाते या मातीशी आणि या भाषेशी जुने आहे. गोव्यात फादर स्टीफन्सनी ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत लिहिली, ती 1616 साली छापली गेली. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात स्वतः बायबलचे सोपे मराठी भाषांतर केले आणि ते जुळवले-छापले तिथल्याच मुलींनी. आणि आपल्या जळगावात 1907 साली कविसंमेलन भरले, त्यात धरणगावच्या सतरा वर्षांच्या त्र्यंबक ठोंबऱ्याला 'बालकवी' ही पदवी मिळाली, हे शाळेत सगळे शिकलात. पण तो मुलगा पुढे नगरला रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या घरी राहिला आणि लक्ष्मीबाईंनी त्याचे लेकरासारखे केले, हे किती जणांना ठाऊक आहे? लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचली नसतील त्यांनी माझ्याकडून न्यावीत. रजिस्टरमध्ये सही करून.

आता थोडे माझे. तीन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात टीचर गेली. तुम्ही सगळे होता, त्याबद्दल बोलत नाही. शेवटच्या वर्षात तिला सुई ओवता येत नव्हती. सात नंबरच्या ताई सकाळी येऊन दहा सुया ओवून उशीवर टोचून ठेवायच्या, म्हणजे दिवसभर तिचे काम अडत नसे. तेव्हा ती नवा योसेफ शिवत होती. जुना उन्हाने विटला होता. पुढचा भाग तयार, दाढी झालेली, काज टाका एका बाजूने कमरेपर्यंत. तिथे सुई तशीच राहिली होती.

त्या डिसेंबरात मी पेटी उघडणार नव्हतो. प्रार्थनेलाही बसवत नव्हते. शब्द येत, पण ते कोणाला उद्देशून आहेत हे समजत नव्हते. पास्टर आले, चांगले बोलले, पुनरुत्थानाविषयी बोलले. माझा त्यावर विश्वास आहे, तेव्हाही होता. पण विश्वास असणे आणि संध्याकाळी सहा वाजता रिकाम्या घरात दिवा लावणे या दोन वेगळ्या खात्यांतल्या नोंदी आहेत. एकीची रक्कम दुसरीत वळती होत नाही.

वीस तारखेच्या सुमारास पोरेच दारात आली. आजोबा, मेंढ्या कधी काढायच्या? त्यांना नाही म्हणता येईना. पेटी काढली, तर वरच तो अर्धा योसेफ, सुई लागलेला. मोठ्या पोरीने विचारले, हा कोण पूर्ण करणार? माझ्या हातात सुई देऊन तिने मला काज टाका शिकवला. तिला तो टीचरने शिकवला होता. चार संध्याकाळी लागल्या. डावी बाजू पाहा, टाके तांदळाच्या दाण्याएवढे, उजवीकडे हरभऱ्याएवढे. ते तसेच ठेवले आहे.

त्या चार संध्याकाळी मी योसेफाचा विचार केला. चारही शुभवर्तमानांत या माणसाच्या तोंडी एक शब्द नाही. मरीया बोलते, गाते. जखऱ्या बोलतो, म्हातारा शिमोन बोलतो, मेंढपाळ बोलतात. योसेफ फक्त झोपतो, स्वप्न पाहतो, उठतो आणि सांगितलेले काम करतो. बायकोला घरी आणतो. बाळाचे नाव ठेवतो. रात्रीच्या रात्री मिसरला निघतो. त्याला काय वाटले हे कोणी नोंदवले नाही, आणि देवानेही त्याच्याकडून भाषणाची अपेक्षा केलेली दिसत नाही. मला ते फार बरे वाटले. तेव्हापासून ज्या दिवशी प्रार्थनेला शब्द येत नाहीत त्या दिवशी मी शिवायला बसतो. एक मेंढी, एक तारा, जे असेल ते. परमेश्वर ते ऐकतो असा माझा समज आहे. तुमच्यापैकी कोणी जप करताना माळ ओढत असतील त्यांना मी काय म्हणतो ते कळेल.

वेळ झाली, सेक्रेटरी साहेब घड्याळ दाखवताहेत. आता कामाच्या सूचना. या महिन्यात दर रविवारी दुपारी चार ते सहा इथेच हॉलमध्ये शिकवणी आहे, फी नाही. कात्री आपापली आणा. पुठ्ठे आहेत, कापूस आहे, फेल्टच्या तुकड्यांचे पैसे सोसायटीच्या सांस्कृतिक निधीतून द्यावेत असा अर्ज मी दिला आहे, तो चेअरमन साहेबांच्या टेबलावर आहे. कोणाकडे जुने, फाटके, मऊ लुगडे असेल तर हवे आहे. गव्हाणीतल्या बाळाचे बाळंते विरत चालले आहे. देखावा 24 तारखेला संध्याकाळी आमच्या घरी न मांडता यंदा खाली जिन्याजवळ मांडू, म्हणजे वर चढता न येणाऱ्यांनाही पाहता येईल. रात्री तिथे कोणीतरी बसावे लागेल, मांजरांना फेल्ट फार आवडते. पंचवीस तारखेला करंज्या, शंकरपाळे आमच्याकडे, आणि भरीत-भाकरी बारा नंबरच्या भाऊंकडून. वांगी बामणोदचीच आणायची. त्यांनी अजून हो म्हटलेले नाही, पण एवढ्या सभेपुढे जाहीर झाले म्हणजे ते नाही म्हणणार नाहीत.